गोलरक्षिकेचं उत्तर

शाळेत तिला सगळे भिंगरी म्हणायचे. गोलरक्षक असूनही ती गोलात कधी एका जागी उभी राहिली नाही. चेंडू समोरच्या टोकाला असला तरी हिची या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझार चालूच. गणितंही ती फेऱ्या मारत तोंडी सोडवायची आणि वर्गात पहिली यायची. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचे. या पोरीला खुर्ची घेऊन देणं म्हणजे पैसे पाण्यात, असं ते म्हणायचे.

त्या वर्षी उपांत्य सामन्यात शेवटच्या काही मिनिटांपर्यंत बरोबरी होती. समोरच्या मुलीचा फटका खांबाला लागून आत वळला आणि भिंगरीनं झेप घेऊन तो पोटाशी दाबला. पंच गर्दीच्या मागे अडकले होते. त्यांनी जवळ येऊन तिलाच विचारलं, की चेंडू रेषेच्या आत गेला होता का. ती म्हणाली, "हो."

सामना हातचा गेला. परतीच्या बसमध्ये एक मुलगी म्हणाली, पंचांना दिसलं नाही ते हिला बरं दिसलं, घरचाच चष्मा ना! सगळ्या हसल्या. कर्णधार हसली नाही. ती भिंगरीच्या घराच्या खालच्याच मजल्यावर राहायची. दोघी रोज बरोबर शाळेत जायच्या. तिचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष होतं आणि मोठ्या क्लबची खेळाडू निवडणारी माणसं फक्त अंतिम सामना बघायला येणार होती. दुसऱ्या दिवसापासून ती एकटीच लवकर निघू लागली.

पुढच्याच महिन्यात विभागीय फुटबॉल संघटनेचा मानाच्या ढालीचा पुरस्कार जाहीर झाला. अभ्यास आणि खिलाडूवृत्ती या दोन्हींत सरस ठरलेल्या विद्यार्थी खेळाडूंना तो मिळायचा. यंदा त्यात भिंगरी होती. बाबांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. ही मात्र जेवता जेवता उठायची, गॅलरीत जाऊन खाली बघायची, परत यायची. पुरस्कार नाकारते म्हणाली, तेव्हा खेळाच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की नाकारणं हाही एक देखावाच होईल.

"तुला चुकल्यासारखं वाटतंय का?" आईनं विचारलं.

"नाही. पण नुकसान तिचं झालं आणि ढाल मला मिळतेय."

 आईनं तिच्या पुढ्यातलं ताट झाकून ठेवलं.

समारंभात निवेदकानं गोष्टीला चांगलंच तिखटमीठ लावलं. ही मुलगी स्वतः धावत पंचांकडे गेली, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. भिंगरीनं माइक मागून घेतला. आपण धावत वगैरे गेलो नाही, पंचांनी विचारलं म्हणून सांगितलं, आणि त्याआधी क्षणभर खोटं बोलावंसंही वाटलं होतं, असं तिनं सांगून टाकलं. मग म्हणाली, याची झळ आमच्या कर्णधाराला बसली, तिची संधी गेली. सभागृहात चुळबुळ झाली. निवेदकानं घाईघाईनं पुढचं नाव पुकारलं.

मन मोकळं होईल असं तिला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. घरी न जाता ती थेट खालच्या मजल्यावर गेली. बातमी आधीच पोचली होती. कर्णधार दारातच उभी राहिली.

"सगळ्यांसमोर माझा विषय कशाला काढलास? आता जो तो माझी कीव करतोय."

हे भिंगरीच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती नुसती उभी राहिली, या पायावरून त्या पायावर होत.

"तू हो म्हणालीस, त्याचा राग नाही आला मला," कर्णधार म्हणाली. "पण एकदा माझ्याकडे वळून तरी बघायचंस."

"बघितलं असतं, तर नाही म्हणाले असते."

 दाराची चौकट नखानं खरवडत कर्णधारानं सांगितलं, की एका छोट्या क्लबची निवड चाचणी आहे, सराव करायचाय आणि गोलात कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर कर्णधारानं असे फटके मारले, की भिंगरीचे तळवे लालबुंद झाले. एकही फटका हळू नव्हता. ढालीचा विषय दोघींनीही काढला नाही. चाचणीत कर्णधाराला राखीव खेळाडू म्हणून घेतलं. हंगाम संपेपर्यंत ती मुख्य संघात आली. शाळेच्या रस्त्यावर दोघी पुन्हा बरोबर दिसू लागल्या, पण बोलणं पूर्वीसारखं व्हायला मात्र बरेच महिने जावे लागले.