कडुबा लाईनमनचं पडणं

पुंडलिकनगरात कडुबाला दोन कारणांनी ओळखत. एक म्हणजे त्याच्या खांद्यावरची छातीइतकी उंच लोखंडी चावी, जिनं तो गल्लोगल्लीचे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा. दुसरं म्हणजे पन्नाशीला टेकलेला हा बाप्या दर रविवारी टीव्हीवर परदेशी रेसलिंग बघत बसायचा आणि कोणी आपटलं की स्वतःच कळवळायचा. गल्लीचं पाणी ज्याच्या हातात त्याला तोंडावर खुळा म्हणायची पद्धत नाही, म्हणून लोक मागून म्हणायचे.

हा नाद त्याला करमाडला लागला. जालना रोडवरच्या एका हॉटेलात केबल आली, तेव्हा कडुबा ऐन पंचविशीत होता. तिथं चहाच्या एका कपावर तो दोन-दोन तास बसे. बाकीची पोरं जिंकणाऱ्यावर फिदा होती. कडुबाचा जीव मात्र हरणाऱ्यावर जडला. जिंकणाऱ्याला काय, नुसते हात वर करायचे असतात. खरी कारागिरी पडणाऱ्याची, असं त्याचं मत झालं. हनुवटी छातीला लावायची, दोन्ही तळवे जमिनीवर आपटायचे, श्वास सोडून द्यायचा. घरी येऊन कडब्याच्या ढिगावर त्यानं याचा इतका सराव केला की बापानं, म्हणजे सांडूनं, एकदा चांगला देवऋषी कोण म्हणून गावात चौकशी केली.

पुढं शेंद्र्याकडची जमीन कारखान्यांखाली गेली आणि कडुबा बायकोला, चतुराबाईला, घेऊन शहरात आला. एका ठेकेदाराकडं रोजंदारीवर लाईनमन म्हणून लागला. शहर वाढत होतं. म्हणजे पाइप तेवढाच होता आणि तोट्या दुप्पट झाल्या होत्या, यालाच विकास म्हणतात हे त्याला वर्तमानपत्रातून कळलं.

त्याच्या शेजारी अनंतराव राहत, कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. कडुबाला शहाणं करायचं व्रत त्यांनी घेतलं होतं. ‘अरे, सगळं ठरलेलं असतं. कोण जिंकणार हे आधी लिहिलेलं असतं,’ असं ते दर रविवारी खिडकीतून सांगत. कडुबा मान डोलवे. मग ते आपल्या टीव्हीवर चर्चेचा कार्यक्रम लावत. त्यात चार पुढारी एकमेकांच्या अंगावर धावून जात, आणि अनंतरावांचा रक्तदाब वाढे, कारण ते त्यांना खरं वाटे. नळाला पाणी केव्हा येणार याचं छापील वेळापत्रकही त्यांनी भिंतीला चिकटवलं होतं. त्यावरही त्यांची श्रद्धा होती.

कडुबानं त्यांना एकदाच उत्तर दिलं. लग्नात नवरदेवाचा मामा रुसून बसतो. टोपी-उपरणं मिळालं की उठणार हे त्याला ठाऊक असतं, मनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं, तरी अर्धा तास सगळा मांडव त्याच्या पाया पडतो. तिथं कधी कोणी उठून म्हणालंय का, की हे खोटं आहे? अनंतराव म्हणाले, ती परंपरा आहे. कडुबा म्हणाला, मग ही बी तीच हाय.

दोन हजार सोळाचा उन्हाळा आला आणि धरणात गाळ तेवढा उरला. पाणी आधी चौथ्या दिवशी येत होतं, मग सहाव्या, मग आठव्या. गल्लीच्या शेवटच्या घरांना तर नुसती हवा येई. धरण लांब होतं, ढग त्याहून लांब, आणि कडुबा रोज समोर दिसे. तेव्हा पाणी कडुबानंच अडवलंय यावर सगळ्यांचं झटकन एकमत झालं. त्याला काढून टाका असा अर्ज निघाला. अर्जाचं मराठी अर्थातच अनंतरावांनी तपासून दिलं.

चावी गेली असती तर कडुबाकडं काय राहिलं असतं? जमीन गेलीच होती. या वयात त्याला दुसरं कोण उभं करणार होतं? त्याची झोप उडाली.

अशा वेळी वॉर्डाचे पुढारी बद्रीनाथभाऊ यांनी त्याला बोलावून घेतलं. भाऊंनी योजना सांगितली. मंगळवारी सकाळी पाण्याच्या टाकीसमोर बायकांचा हंडा मोर्चा येईल. भाऊ येतील, चिडतील आणि सगळ्यांदेखत कडुबाच्या एक कानाखाली ठेवतील. हळूच. लोकांचा राग निवेल, भाऊंचं नाव होईल, आणि चावी कडुबाकडंच राहील.

“जमंल का तुला?” भाऊंनी विचारलं.

पंचवीस वर्षं घोकून तयारी केलेल्या विद्यार्थ्याला पेपर सोपा जाईल का असं विचारावं, तसं ते होतं. कडुबाच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, आनंदाचा.

त्यानं चतुराबाईला काही सांगितलं नाही. रिंगणातली माणसं घरच्यांनाही गुपित सांगत नाहीत, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं, आणि आपणही आता त्या पंगतीत बसलो या विचारानं तो फुगला होता. तू मोर्चाला जाऊ नको, एवढंच तो म्हणाला. पण लाईनमनची बायको मोर्चाला दिसली नाही, तर तिच्या घरी पिंपं भरलेली आहेत असं लोक म्हणणार. चतुराबाई हंडा घेऊन दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली.

भाऊ पांढऱ्याशुभ्र शर्टात आले, चिडले आणि ठरल्याप्रमाणे हात उचलला. चापट अशी होती की डासही उठून दुसरीकडं बसला असता. पण कडुबा! त्यानं कानाला हात लावला, जागेवर एक गिरकी घेतली, दोन पावलं झोकांडत मागं गेला आणि उताणा असा पडला की रस्त्यावर धूळ उडाली. तळव्यांचा आवाज टाकीवरून घुमून परत आला. मग त्यानं डावा पाय दोनदा थरथरवला आणि निपचित झाला. असं पडणं मराठवाड्यात त्याआधी कोणी पाहिलं नसेल.

चूक तिथंच झाली. भाऊंना गाल चोळत रडणारा माणूस हवा होता, त्यांना मिळालं प्रेत. कोणीतरी ‘मेला’ म्हणालं आणि बायका हंडे घेऊन भाऊंवर तुटून पडल्या. भाऊ मार चुकवत, वाकून वाकून, “ऊठ की बाबा आता,” म्हणत होते. पण चांगला हरणारा पंचाचे आकडे मोजून संपल्याशिवाय उठत नाही. कडुबानं मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं ठरवलं होतं. त्या धुळीत पडल्या पडल्या त्याला आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटत होतं.

आकडा चारवर आला तेव्हा चतुराबाई त्याच्यापाशी पोचली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, गालावर थापट्या मारल्या आणि तोंडावर मारायला पाणी मागितलं. शंभर हंडे होते आणि एकातही घोटभर पाणी नव्हतं. पाच. सहा. तिचा आवाज बंद झाला. कडुबाला वाटलं, सावरली.

सातला त्याला काचेचा आवाज आला. डोळे किलकिले केले तर चतुराबाई डाव्या हाताच्या बांगड्या रस्त्यावर आपटत होती. उजवा हात मोकळा झाला होता आणि मनगटातून रक्त येत होतं.

मोजणी तिथंच संपली. कडुबा ताडकन उठून बसला, तिचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “चतुरे, मी जित्ता हाय गं. खोटं व्हतं. ठरलेलं व्हतं सगळं.”

हे ऐकायला आख्खा वॉर्ड हजर होता. फाटक्या शर्टातले भाऊ जागेवर गोठले. अनंतरावांचा चेहरा मात्र उजळला, त्यांचा अंदाज एकदाचा खरा ठरला होता. दुसऱ्या दिवशी चावी दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर गेली. पाणी आठव्या दिवशीच येत राहिलं.

चतुराबाई पाच दिवस बोलली नाही. कडुबानं गुलमंडीवरून हिरव्या बांगड्या आणल्या, त्या तिनं हातात घेतल्या नाहीत. ती मोकळ्या मनगटांनी टँकरवर जाई, आणि गल्लीतल्या बायका आधी तिच्या हातांकडं आणि मग कडुबाकडं बघत. त्याला घराबाहेर पडायची चोरी झाली.

रविवारी त्यानं सवयीनं टीव्ही लावला, आवाज बारीक ठेवून. चतुराबाई भाकरी टाकून आली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या शेजारी टीव्हीसमोर बसली. पडद्यावर एक माणूस शिडीवरून खाली कोसळला.

“यांच्या बायकांना अगोदर सांगतेत का हो?” तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत कडुबाच्या मनात हे कधी आलंच नव्हतं. “म्हाईत नाय,” तो म्हणाला. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

“मला सांगितलं असतं,” चतुराबाई म्हणाली, “तर म्या बी चांगलं रडून दाखवलं असतं. खरं रडायची येळ नसती आली.”

तिचं मनगट अजून भरलेलं नव्हतं. कडुबानं टीव्ही बंद केला.