धूर न काढणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर तिसऱ्यांदा माझ्या काउंटरवर आला, तेव्हा शोभाताई कांबळे खुर्चीवर टेकल्यासुद्धा नाहीत. मुरगूडहून एसटीनं आल्या होत्या, कॅबिनेट मांडीवर घेऊन.

“भाऊ, परत बंद पडला बघा. अर्ध्या तासात ह्यांची गाडी घाटातच थांबतीया. आता म्हणत्यात, ऱ्हाऊ दे, माज्या नशिबात गाडीच न्हाय.”

ते शेवटचं वाक्य मला लागलं.

त्यांचे यजमान, कांबळेमामा, एसटीचे ड्रायव्हर. गुडघ्यानं दगा दिला आणि वेळेआधीच घरी बसले. बसले ते गप्पच झाले. ताईंनी कुणाकडे तरी गाडी चालवायचा गेम पाहिला आणि थेट माझं राजारामपुरीतलं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं. मामांनी फोनवर दोन अटी घातल्या. कॉम्प्युटर घरच्या सोलरवर चालला पाहिजे आणि नवं सामान कमीत कमी.

“जन्मभर डिझेल लई जाळलं की. आता धूर न काढता गाडी चालवायची हाय.”

माझ्याकडे तेव्हा, म्हणजे दोन हजार सातच्या सुमारास, उलटाच कारभार होता. गेमिंग म्हटलं की पोरं जास्त वॅटचं मागायची आणि मी द्यायचो. वॅट म्हणजे वस्तू किती वीज खाते त्याचं माप. मामांचा इन्व्हर्टर शंभर वॅटच्या वर मान टाकायचा. मग कमी खाणारा प्रोसेसर घेतला, वेगळं ग्राफिक कार्ड टाळलं. कॅबिनेट आणि मॉनिटर एका बंद पडलेल्या ऑफिसातले. कॅबिनेटचे पंखेही काढले. त्याऐवजी तळाला आणि झाकणाला ड्रिलनं भोकं पाडली, गरम हवा आपोआप वर निघून जावी म्हणून. सगळं मिळून सत्तर वॅट! येईल त्या गिऱ्हाइकाला मी ते झाकण दाखवत होतो.

आणि आता हे. पहिल्या वेळी रॅम बदलली. दुसऱ्या वेळी एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज वाटून देणारा डबा. दोन्ही वेळा दुकानात पठ्ठ्या दिवसभर ठणठणीत चालला. घरी गेला की बंद.

“ताई, इन्व्हर्टर दाखवून घ्या.”

“दाखवला की! त्यो इन्व्हर्टरवाला म्हणतोय, कॉम्प्युटर दाखवा.”

मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर मुरगूडला गेलो.

मामा खुर्चीत बसून होते. “या पावणं,” एवढंच म्हणाले. मी सगळं जोडून दिलं. गेमचं स्टेअरिंग हातात आलं आणि माणूस ताठ झाला. पहिल्याच उजव्या वळणावर त्यांनी सवयीनं हात बाहेर काढून इशारा दिला. मी हसू दाबलं. फार गोड वाटलं मला ते.

तेवढ्यात ताई आतून काहीतरी घेऊन आल्या आणि कॅबिनेटवर चढवलं. लाल लोकरीचं, झालर लावलेलं कव्हर, अगदी मापात.

“धूळ बसतीया न्हवं. महिनाभर बसून विणलंय.”

वीस मिनिटांत स्क्रीन काळी.

मी कव्हरवर हात ठेवला. खालचं झाकण तव्यासारखं तापलं होतं. माझी सगळी भोकं लोकरीखाली. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला बंद पडतो, तसा पडला होता. दुकानात येताना कव्हर घरीच राहायचं, म्हणून तिथं दोष सापडत नव्हता.

“ताई, चूक माझी. हवा जायला ती भोकं आहेत, हे तुम्हाला सांगायलाच हवं होतं.”

अख्ख्या राजारामपुरीला झाकण दाखवलं होतं मी, फक्त ज्यांच्या घरी ते जाणार त्यांना सोडून. ताई कव्हर काढून त्याची घडी घालू लागल्या.

“आण हिकडं,” मामा म्हणाले. “स्टेअरिंगला बसीव. माज्या गाडीला असंच हुतं.”

“लई मोठं हुतंय ते.”

“मग उसव, आन परत वीण. मी कुठं चाललोय?”

ताई तिथंच बसून उसवायला लागल्या. आम्ही घाट चढलो, उतरलो. कॉम्प्युटर बंद पडला नाही. खाली आल्यावर मामांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “पावणं, कुठं सोडू?”

तेव्हापासून कॉम्प्युटर हवाली करताना मी वॅट नंतर सांगतो. आधी विचारतो, घरात विणतं कोण?