तिकडे बाबू म्हणजे आजोबा

चामोर्शीच्या स्टँडवर चंद्रपूरची बस लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग चढवली नाही. चढवणार कशी, त्यांच्या खांद्यावर चेतन झोपला होता. चेतन म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा. त्याची आई, म्हणजे माझी वहिनी, बाळंतपणानंतर गेली. भाऊ मिरची तोडायला तेलंगणात गेला तो तिकडेच दुसरं घर मांडून बसला. लेकरू राहिलं माझ्या आईबाबांच्या पदरात. बाबांनी एका हाताने त्याचं डोकं सावरलं होतं आणि दुसऱ्या हाताने मला पाण्याची बाटली देत होते. आई नुसती उभी होती. बस हलली तशी खिडकीजवळ आली आणि म्हणाली, "घरचं बिनमायचं लेकरू टाकून जगाचे लेकरं पाह्याले चालली. जाय माय, जाय."

अख्ख्या स्टँडने ऐकलं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने चंद्रपूर येईपर्यंत माझ्याशी एक शब्द काढला नाही.

गावातल्यांनो, तुम्हाला ही गोष्ट तुमच्या बाजूने ठाऊक आहे. आता माझ्या बाजूने ऐका. आणि माझ्यासारखे जे गाव सोडून कुठे कुठे गेलेत, त्यांनीही ऐका, कारण तुम्हालाही कोणीतरी खिडकीत येऊन असंच काहीतरी बोललं असेल.

मी चंद्रपूरला एका दवाखान्यात नर्स होते, नवजात बाळांच्या वॉर्डात. तिथल्या एका डॉक्टर मॅडमनी सांगितलं की टांझानियात, आफ्रिकेत, एका संस्थेचं बालगृह आहे. अनाथ आणि टाकून दिलेली बाळं असतात, त्यांना नर्स हवी आहे. तिकीट त्यांचं, राहणं-खाणं त्यांचं, पगार नाही. व्हॉलंटियर. गावात त्याचं 'हॉलंटियर' झालं आणि पारावर चौकशी सुरू झाली.

"म्हंजे फुकट?"

"फुकट."

"फुकटच कराचं हाय तं इथी काऊन नाई करत?"

हा प्रश्न मला दहा तोंडांनी विचारला गेला. बाबांना इतकी लाज वाटायची की ते परस्पर सांगून मोकळे व्हायचे, "नाई नाई, पगाराची नोकरी आहे तिची." पण इथे का नाही, ते मी आज सांगते. माझं लग्न झालं नव्हतं, वर मी नर्स, म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं की चेतनची आई आता मीच. मला विचारलं कोणी? शेजारची काकू तर कौतुकाने म्हणाली होती, "तुले तं आयतं लेकरू भेटलं वो, बाळंतपनाची कटकट नाई." डोकं सणकलं माझं. लेकराचा राग कधीच नव्हता. राग होता भावाचा. तो पोटचं पोर टाकून गेला तर कोणी हूं की चूं केलं नाही. 'गडीमानूस हाय, का करन बिचारा.' आणि मी तिकीट काढलं तर तुमच्या जिभेला हाड राहिलं नाही.

तर गेले. एका मोठ्या सरोवराच्या काठचं गाव, लाल माती, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा रोज जेवायला. पहिला महिना मी भातासाठी रडले, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला की पायाला चिखल्या होतात, तेव्हा त्या नको वाटायच्या. तिकडे कोणी धानाच्या बांधीत उभं दिसलं तरी मी वळून वळून बघायची.

भाषेने तर माझी पुरती फजिती केली. तिकडे बाईला मामा म्हणतात. स्वयंपाकघरातली रेहेमाची आई, ती 'मामा रेहेमा'. मला सगळे 'दादा' म्हणायचे, कारण तिकडे दादा म्हणजे बहीण. का सांगू बापा, पहिले आठ दिवस कोणी 'दादा' म्हटलं की मी मागे वळून पाहायची, कोण गडी आला म्हणून.

बालगृहात बाळं ओळीने पाळण्यात. घड्याळ बघून दूध, घड्याळ बघून लंगोट. रडलं तरी लगेच उचलायचं नाही, सवय लागते म्हणे. परदेशातून पोरी यायच्या पंधरा-पंधरा दिवसांसाठी. बाळांना कडेवर घेऊन फोटो काढायच्या, जाताना ओक्साबोक्शी रडायच्या. बाळं रडत नव्हती. रडून कोणी येत नाही हे त्यांना दात यायच्या आधीच कळलेलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाकडे हात पसरायचे आणि गेल्यावर छताकडे बघत पडून राहायचे. मला ते बघवायचं नाही. मी आपली आमच्याकडची रीत चालवली. तेल कोमट करायचं, पायावर आडवं घ्यायचं, हातपाय चोळायचे, तोंडाने बडबड चालू. आणि आमच्याकडे पोरग्याला बाळ थोडंच म्हणतात! "अरे माह्या बाबू, का झालं बाबूले, कोनं मारलं बाबूले..."

मामा रेहेमा दारात उभी होती. तिच्या हातातला झारा खाली पडला आणि ती पोट धरून हसायला लागली. पाच महिन्यांच्या पोराला मी आजोबा म्हणत होते. त्यांच्या भाषेत बाबू म्हणजे आजोबा. मग रोज सकाळी ती दारातून ओरडायची, "दादा, तुझे म्हातारे उठले का?" मीही हसायची. सवय काही गेली नाही. मायेचा शब्द तोंडातून निघायचा तो तोच निघायचा.

त्यातलं एक पोर माझं फार लाडकं झालं. कागदावर त्याचं नाव जोसेफ. आई त्याला सरकारी दवाखान्यात सोडून निघून गेली होती. डाव्या कानाच्या मुळाशी एक बारीकसं छिद्र होतं, सुईने टोचल्यासारखं. जन्मतःच असतं काहींना. तो रांगायला लागला, दात आले, आणि एक दिवस माझ्याकडे हात करून म्हणाला, "बाबू!" त्याला वाटलं ते माझंच नाव. मी ऊठसूट तेच बोलायची ना! मामा रेहेमा म्हणाली, "घे, आता तू आजोबा झालीस." मी त्या दिवशी सगळ्यांना साखर वाटली.

तोवर बालगृहाच्या मॅडमनी त्याला दत्तक द्यायचं ठरवून टाकलं होतं. दूरच्या देशातलं एक जोडपं दोनदा येऊन त्याला बघून गेलं होतं, त्यांनी त्याची खोलीसुद्धा रंगवली होती. माणसं वाईट नव्हती. मी मनाची तयारी करत होते.

आणि त्याच आठवड्यात एक म्हातारा फाटकाशी आला. पायात टायरच्या चपला, खांद्यावर तांदळाची पिशवी. म्हणाला, माझी मुलगी शहरात कामाला होती, ती आजाराने वारली. मरायच्या आधी तिने सांगितलं की मुलगा झाला होता, दवाखान्यात ठेवला. मी दवाखाने शोधत शोधत इथवर आलो. हा तांदूळ माझ्या शेतातला आहे, इतके दिवस तुम्ही त्याला सांभाळलंत म्हणून. त्याच्या हाताच्या भेगांत चिखल मुरलेला होता. रोवणा संपल्यावर माझ्या बाबांचे हात तसेच दिसतात.

मॅडमनी कागद मागितला. कागद नव्हता. दत्तकाचे कागद बघायला सरकारी अधिकारी आलेले होते, ते घुटमळले. म्हणाले, मुलाला आणा तर खरं. मामा रेहेमाने जोसेफला आणून सतरंजीवर ठेवलं. पुढचं मी पाहिलं नाही, मी दूध गरम करायला गेले होते; तिनेच नंतर सांगितलं. पोर रांगत म्हाताऱ्यापर्यंत गेलं, त्याच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं, वर पाहिलं आणि म्हणालं, "बाबू."

म्हातारा खालीच बसला. "ओळखलं! मला ओळखलं!" म्हणत छातीला हात लावून रडायला लागला. रक्त ओळखतं रक्ताला, म्हणाला. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. 

आणि मी दुधाची बाटली घेऊन आत आले. आत काय घडलं ते मला काही माहीत नव्हतं हो! दुधाची वेळ झाली होती, आले. पोराने मला पाहिलं, म्हाताऱ्याचा गुडघा सोडला, आणि "बाबू, बाबू" करत रांगत माझ्याकडे आलं आणि दोन्ही हात पसरले.

 मामा रेहेमाने तोंडावर हात दाबला. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मॅडमनी शांतपणे विचारलं, "हा तुला काय म्हणतो?" मी खरं ते सांगितलं. आमच्याकडे लेकरांना बाबू म्हणतात, मी म्हणते, तो ऐकून शिकला. अधिकाऱ्यांनी चष्मा परत लावला.

पण मी तेवढ्यावर थांबले नाही. मी म्हटलं, शब्द माझा आहे, नातू त्याचाच आहे. कान बघा. म्हाताऱ्याचा डावा कान मी सगळ्यांसमोर वळवून दाखवला, तिथेही तसंच छिद्र. मॅडम म्हणाल्या, इथे पुष्कळांना असतं. मी म्हटलं, रक्त तपासा. त्या म्हणाल्या, वेळ लागेल आणि ते जोडपं थांबलं आहे. मी त्या अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन बसले, भांडले, माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत ओरडले. मॅडमनी मला बोलावून समजावलं की व्हॉलंटियरने जीव लावायचा नसतो, नियमच आहे. आणि माझी मुदत आता पुरी झाली आहे. पोर विमानाने गेलं. म्हाताऱ्याला त्याची पिशवी परत द्यायला निघाले, तर तो म्हणाला, "राहू दे. इतर मुलं खातील." आजही ते आठवलं की मला कोणाचं तरी थोबाड फोडावंसं वाटतं.

त्या रात्री नाही, दोन दिवसांनी आईला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तरी म्हणेल, ये घरी. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपल्या घरी पन आजा आहे अन् नातू आहे. त्याईले तं कोनी तोडलं नाई. नुसतं मंधातलं मानूस नाई." आणि फोन बाबांकडे दिला. बाबा म्हणाले, "जेवली का?"

मी परत आले नाही. त्याच गावात एका दवाखान्यात पगारावर लागले, खोली घेतली, स्टोव्ह घेतला, तांदूळ कुठे चांगला मिळतो ते शोधलं. बाबा, आता तुम्ही खुशाल सांगा, पगाराची नोकरी आहे. पैसे पाठवते ते चेतनच्या शाळेला लागतात हे मला माहीत आहे. तो तिसरीत गेला. मागे व्हिडिओ कॉल केला तेव्हा बाबांच्या मांडीला रेलून बसला होता. मी म्हटलं, "का करून राह्यला बाबू?" त्याने फोनकडे निरखून पाहिलं आणि बाबांना विचारलं, "आजा, हे फोनवाली बाई कोनाले बाबू म्हंते? माहं नाव तं चेतन हाय." बाबा हसले. मीही हसले. फोन ठेवल्यावर भांडी घासत बसले, दोनदा घासली तीच भांडी.

मला पस्तावा आहे का, असं विचारायला तुमच्या जिभा वळवळत असतील. नाही. तिथे राहिले असते तर रोज चेतनला मांडीवर घेऊन तुमच्यावर दात-ओठ खात बसले असते, आणि ते लेकराला कळलं असतं. पण घर म्हणजे काय ते मला कळेनासं झालं आहे. जिथे आपण हाक मारली की कोणीतरी ओ देतं, ते घर, असं मी धरून चालले होते. आमच्याकडे माझ्या हाकेला चेतन ओ देत नाही. दूर देशातलं ते पोर दुसऱ्याच कुठल्या भाषेत बोलायला लागलं असेल. माझा शब्द त्याच्या तोंडात आठवडाभरही टिकला नसेल.

सुट्टी मिळाली की मी बसने म्हाताऱ्याच्या गावी जाते. त्याच्या धानाच्या बांध्या घराला लागून आहेत. मी चप्पल काढून चिखलात उतरते, त्याच्यासोबत रोप लावते. मग तो भात आणि सरोवराची मासोळी शिजवतो. चव चामोर्शीची नाही, पण भात तो भातच. त्याने मला एका शब्दाने कधी दोष दिला नाही. त्याने दिला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

परवा गेले तेव्हा दार लोटलेलं होतं. मी अंगणातून हाक मारली, "बाबू!" आतून आवाज आला, "आलो, आलो." काठी टेकत बाहेर आला. दर वेळी करतो तेच त्याने केलं. माझ्याकडे पाहायच्या आधी माझ्या मागे पाहिलं, मी कोणाला सोबत आणलंय का म्हणून.