चुलीजवळचा पाट

बायकोसंग मी शेवटचं काम केलं ते वाटाणे सोलायचं, सरकारी शाळेच्या खिचडीसाठी. ती तिथं सैपाक करायची. ती वारल्यापासून तिची जोडीदारीण एकटीच शिजवते. ही बाई वाढता वाढता पोरांची थट्टा करते, "कावून रे, रात्रीबी उपाशी होता काय?" बायको दिवसभर हिच्यासंगच हसायची, घरी थकून यायची. माहा जीव जळते.

काल शाळेत भाजी द्यायले गेलो. बाई भुईवर बसून होती, बायको गुडघे दुखायचे म्हणून ज्याच्यावर बसायची तो पाट बाजूले रिकामा. एक पोरगी त्याच्यावर टेकली तर बाई ओरडली, "उठ वं! आजीचा हाय तो."

"माह्या बायकोचा हाय. मले दे," मी म्हणलं.

तिनं पदरानं पुसून दिला. "घ्या, भाऊजी."

घरी त्याच्यावर बसायले कोणी नव्हतं. आज सकाळी पाट परत शाळेच्या चुलीजवळ ठेवला अन् बाईले म्हणलं, "बस त्याच्यावर. गुडघे तुलेबी हायेत."