आईच्या घरावरची माझी सही

मी इंग्लंडला निघाले त्या दिवशी आई विमानतळावर आली नाही. तिच्याकडे राहणाऱ्या एका मुलीचा नर्सिंगच्या प्रवेशाचा पेपर होता. अमरावतीच्या आमच्या घरात खेड्यांवरून शिकायला आलेल्या मुली कायमच असायच्या. बाबा गेल्यावर तर सगळ्या खोल्या त्यांच्याच झाल्या. आईने दारात दोघींच्या हातावर दही ठेवलं, आधी तिच्या, मग माझ्या. "पोहोचली की फोन करजो," म्हणाली आणि त्या मुलीचं हॉलतिकीट शोधायला आत गेली. मला राग आला होता. खरं सांगते, थोडा अजूनही आहे.

आता ब्रिस्टलला सहा वर्षं झाली. विमानाच्या पार्ट्सचं डिझाइन करते, रेंट भरते, कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिन्स वेळेवर बाहेर ठेवते. इथलं सगळं व्हिसाच्या तारखेपर्यंतचं. जॉब गेला तर काय, हा विचार दात घासतानासुद्धा सुटत नाही. तिकडे एक घर आहे, एवढ्यावर मी तगून होते. आणि गेल्या वर्षी आईने सांगितलं, घर मुलींच्या वसतिगृहासाठी ट्रस्टला द्यायचंय. घर बाबांच्या नावावर, म्हणजे वारस म्हणून माझ्या सहीशिवाय अडणार. हो म्हणवेना, नाही म्हणायची हिंमत नाही. सांगून टाकलं, "व्हिसाचं अडकलंय, ते झालं की बघते." व्हिसा चांगला धडधाकट होता. इकडे आलेल्यांनो, हे कारण तुम्हीही कधीतरी दिलं असेल. तिकडे कुणी उलटून विचारत नाही.

माझ्या टीममधली रादका बल्गेरियाची. एकदा लंचला मी तिला हे सांगितलं, तर तिने फोनवर एक जुना फोटो दाखवला. डोक्याला काळा रुमाल बांधलेली, करारी चेहऱ्याची बाई. दीडशे वर्षांपूर्वी रादकाच्या गावात या विधवा बाईने राहत्या घरात मुलींची शाळा काढली, लढाईत पोरक्या झालेल्या मुलांना जेवू घातलं, शेवटी घरही शाळेच्या नावे केलं. रादकाच्या पणजीची आई तिथेच अक्षरं शिकली.

"तिला मुलंबाळं?" मी विचारलं.

"एक मुलगी होती. लग्न होऊन लांब गेली म्हणतात. तिच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही."

मी डबा तसाच बंद केला.

त्याच आठवड्यात आईला फोन केला, तो तिच्याकडच्या एका मुलीने उचलला. "ताई, बाईंना काल चक्कर आली. तुमच्या व्हिसासाठी मंगळवारचा कडक उपास करतात ना." शुगरच्या गोळ्या घेणारी माझी आई माझ्या थापेपायी उपाशी राहत होती. तिला फोनवर बोलावून सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "घर हवं होतं तर तसं सांगायचं. मी काय तुला खाल्लं असतं?"

मी कागद मागवले आणि लंडनला वकिलातीत जाऊन सही केली. बरोबर केलं की नाही, याची खात्री तेव्हा नव्हती, आजही नाही. परतताना ट्रेनमधूनच आईला विचारलं, आता मी आले तर कुठे राहू?

"सांगून येजो. खोल्या भरलेल्या असल्या तर माझ्या कॉटशेजारी गादी घालते."

माझं घर आता तेवढंच, एका गादीपुरतं. आई आहे तोवरच आहे. डिसेंबरच्या सुट्टीची वाट बघायचा धीर मला झाला नाही. पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय.