चार वळणांचा डक्ट

डिचोलीतल्या माझ्या खाणावळीत धुराचा डक्ट बसवायला बेळगावकडचा एक माणूस आला, तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची कोवळी पोर होते आणि जगातली सगळी अक्कल माझ्याकडे होती. त्याचं नाव विचारायचंही सुचलं नाही. पत्रा कापण्याआधी तो वर्तमानपत्राचा छोटा डक्ट करी, तोंडाशी उदबत्ती धरी आणि धूर कुठे अडतो ते एक डोळा मिटून पाही.

"चुलीवरनं सरळ समोरच्या भिंतीतनं काढू या," तो म्हणाला.

"म्हणजे गिऱ्हाइकांनी पत्र्याचा नळ बघत जेवायचं? मागून फिरव."

"चार वळणं होतील. वारं दमतंय बघा, बाई."

"वाऱ्याला काय गुडघे आहेत दमायला?" स्वतःच्या विनोदावर मी स्वतःच हसले.

तो हसला नाही. चुलीपाशी मासे तळणाऱ्या आमच्या सुनंदाकडे पाहून म्हणाला, "गिऱ्हाईक अर्धा तास बसतंय. ह्या दिवसभर उभ्या असत्यात."

तरी मी सांगितलं म्हणून त्याने चार वळणं घातली, एकेक सांधा मन लावून बंद केला आणि गेला.

धूर आत कोंडत राहिला. सुनंदा खोकली की मी तिला मध-आलं द्यायचे, मोठी वैद्यच ना मी! सात वर्षांनी दुसऱ्याकडून डक्ट सरळ करून घेतला. आता धूर झटकन जातो. सुनंदा मात्र घरी बसलीय. मी भेटायला गेले की दारापर्यंत येताना दोनदा थांबते, आणि धापा टाकत मलाच म्हणते, "बाय, उन्हातून आलीस गो, पाणी पी."