लवती काठी

“राग मानू नका शेठ, पन ही काठी आता तुमचं ऐकत नाय.”

“ऐकत नाय? साला, अठरा वर्षं ऐकते. आज काय बहिरी झाली?”

“काठी बहिरी नाय झाली. तुमी हळू बोलाया लागले.”

एवढं बोलून गेणूनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली आन तो बाभळीकडं बघत राहिला. केकीशेठचा चेंडू आत्ताच तिकडं गेला होता. जमिनीलगत, उजव्या हाताला, सशासारखा. त्या आठवड्यातला हा आठवा का नववा. बाभळीत आता चेंडूच जास्त, शेंगा कमी.

साल अठ्ठ्याहत्तर. देवळाली कॅम्पातलं गोल्फचं मैदान. नावाला हिरवळ, भोकाभोवती तर तेल पाजलेली वाळूच. पहाटे दारणा नदीकडून धुकं यायचं आन मैदानावर असं पसरायचं, की झेंड्याची टोकं तेवढी वर तरंगताना दिसायची. त्या धुक्यात रोज दोन माणसं चालायची. पुढं केकीशेठ, कॅम्पातले जुने पारशी, सहासष्ट वर्षांचे, बुटके, डोक्याला काळी टोपी. मागं लहवित गावचा गेणू, बॅग घेऊन. अठरा वर्षं. बोलणं थोडं, चालणं फार.

मागल्या पावसाळ्यात शेठ न्हाणीत घसरले, खांदा निखळला. खांदा बसला, पण चेंडू उठेना.

“ऐक गेणू,” शेठ म्हणाले. “रविवारी माझा भाचा मुंबईहून मोटर घेऊन येते. बॅग त्याला देऊन टाकते. माणसाने आपणहून थांबावं, लोकांनी थांबवायच्या अगोदर.”

गेणूनं बॅग पुन्हा खांद्यावर घेतली. दुसरा शेठ त्याला दुपारपर्यंत मिळाला असता. कॅम्पात साहेबांना काय तोटा? पण त्याचं मन त्या काठीत अडकलं होतं. माणूस संपला नव्हता. काठी चुकत होती. आन चुकीच्या काठीपायी माणूस घरी बसला, तर तो दोष काठी देणाऱ्याचा, असं त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेले.

गेणूचा बाप धोंडीराम भगूरच्या बाजारात काठ्या विकायचा. पेठ-सुरगाण्याकडचा बांबू आणायचा, तापवायचा, सरळ करायचा, तेल पाजून कुडाच्या आडोशाला वाळवायचा. मेंढक्याची काठी, राखणदाराची काठी, म्हाताऱ्याची काठी, लेझमीच्या पुढं फिरवायची काठी. गिऱ्हाईक आलं की धोंडीराम आधी त्याला विहिरीपर्यंत चालून यायला सांगायचा. लोक हसायचे. “काठी घ्यायला आलोय धोंडीबा, सोयरीक जमवायला नाय.” तो म्हणायचा, “सोयरीकच हाय. बळावर काठी देत नसत्यात बाबा, चालीवर देत्यात.” एखादा पैलवान गडी येऊन जाडजूड सोटा मागायचा आन धोंडीराम त्याच्या हातात बारीक, लवती काठी ठेवायचा, कारण गडी डुलत चालायचा. एखाद्या काटकुळ्या मास्तराला ताठ काठी द्यायचा, कारण मास्तर पाऊल झटक्यात टाकायचा. काठी कधी परत आली नाही.

ते डोळे गेणूनं मैदानावर आणले. तो बॅगा वाहायला लागला तेव्हा साहेब लोकांच्या काठ्या पोलादाच्या होत्या, पोकळ, वर चमक. काहींवर एक इंग्रजी अक्षर असायचं. वळवळणारं, सापासारखं अक्षर असलं की काठी ताठ; दुसरं असलं की जरा मऊ. गेणूला इंग्रजी येत नव्हतं. त्याला गंमत एवढीच वाटायची, की सापासारखं अक्षर लावलंय आन काठी मात्र पहारीसारखी. पुढं अक्षरं पुसून गेली तरी त्याचं काही अडलं नाही. मूठ धरायची, काठी पोटासमोर आडवी करायची, डोळे मिटायचे आन मनगटाला एकच हलका झोका द्यायचा. मग पलीकडचं लोखंडी तोंड किती वेळ ‘हो हो’ म्हणतंय ते हातानं ऐकायचं. एकदाच ‘हो’ म्हणून गप्प बसली ती ताठ. तीन-चारदा मान डोलावली ती लवती. डोळे मिटले की त्याला मैदान दिसत नसे. हुरड्यातल्या ज्वारीचं रान दिसे, वाऱ्यावर हलणारं, आन त्यातलं एकेक ताट त्याच्या मुठीत येऊन जाई.

साहेबांना विहिरीपर्यंत चाल म्हणून कोण सांगणार? गेणू त्यांचा चहा बघायचा. साखर घाईनं ढवळणारा, चमचा कपावर आपटणारा, त्याचा हात खाली येताना झपकन येणार. त्याला ताठ काठी. चमचा सावकाश फिरवून बशीत अलगद ठेवणारा, त्याला लवती. त्याला ताठ दिली तर काठी वाकायच्या आधीच चेंडू निघून जातो, खालून आन उजवीकडं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बाभळीनं शिकवलं होतं.

खांदा निखळल्यापासून केकीशेठ चहा अगदी सावकाश ढवळत होते.

मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिथं गेणू मुठी बांधायचा, सुटलेली तोंडं बसवायचा. आढ्याला सात शाफ्टांची, म्हणजे तोंडं नसलेल्या नुसत्या काठ्यांची, जुडी टांगलेली होती, तीन नंबरपासून नऊ नंबरपर्यंत; नंबर लहान तितकी काठी लांब. बदली होऊन आसामकडं गेलेल्या एका उंच कप्तानाची. तोंडं फुटली, काठ्या राहिल्या. मऊ पोलाद, झोका दिला की चारदा मान हलायची. असले शाफ्ट तेव्हा विलायतेतून कोणी आणले तरच मिळायचे. ही जुडी गेली की दुसरी नव्हती.

“शेठ,” गेणू म्हणाला, “रविवारपत्तोर बॅग माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. तोंडं तुमचीच ठेवतो, काठ्या बदलतो.”

“मऊ काठी? बायकांची?”

“काठीला कुठं बाई-बाप्या असतो? हाताला असतो, त्यो बी नाय.”

शेठ हसले. “कर बाबा. भाच्याला तरी कामाला येईल.”

बुधवारी गेणूनं शेठच्या बॅगेतली पाच नंबरची काठी आधी घेतली. तोंड शेगडीवर तापवून जुनी काठी ओढून काढली. कप्तानाची काठी शेठच्या उंचीला दोन इंच लांब होत होती. गेणूनं करवत घेतली आन बारीक टोकाकडून दोन इंच कापले. विचार केला नाही. बांबू असाच कापतात. बुडाला कोयता लावायचा नसतो. ताकद बुडात, कवळेपणा शेंड्यात. धोंडीराम बुडाला हात लावणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा घालायचा. मग गेणूनं टोक घासलं, दोन नळ्यांतला गोंद कालवला, तोंड बसवलं आन काठी वाळत ठेवली.

गुरुवारी शेठनं चेंडू ठेवला. फिरवली. खट्‌ आवाज झाला, लाकडावर लाकूड मारल्यासारखा. चेंडू खालून, उजवीकडं, बाभळीत. शेठनं हात झटकला. झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या होत्या.

“ही तुझी मऊ काठी? ही तर जुन्याहून कडक हाय.”

गेणूनं काठी हातात घेतली, डोळे मिटले, झोका दिला. काठी एकदाच ‘हो’ म्हणाली आन गप्प.

“काल हिनं चारदा मान हलवली होती,” तो म्हणाला.

“मान हलवणारे सगळे ऐकतात असं नसते, गेणू,” शेठ म्हणाले. ते चिडले नव्हते, हीच वाईट गोष्ट होती. “राहू दे. खूप झालं. रविवारी बॅग गाडीत टाकून दे.”

शुक्रवारी दुपारी गेणू शेडमागच्या कडुलिंबाखाली आडवा झाला. ऊन पातळ होतं. लिंबाची पानं हलत होती आन त्यांच्या सावल्या त्याच्या छातीवरून मासोळ्यांसारख्या ये-जा करत होत्या. कधी डोळा लागला ते कळलं नाही. मैदानावर धुकं होतं, भर दुपारचं धुकं, आन त्यातून बाप चालत आला, डोक्यावर बांबूचा भारा. सातव्या भोकापाशी त्यानं भारा उतरवला. घाम पुसला. गेणूच्या हातातली पोलादाची काठी घेतली, नाकाशी धरून वास घेतला, पेरं चाचपली. पेरं नव्हती.

“ही कोन्या बांबूच्या बेटातली रं?” बापानं विचारलं.

“बेटातली नाय, बा. कारखान्यातली.”

“मंग हिचं बूड कंचं?”

बापानं भारा उचलला आन धुक्यात निघून गेला. कितीतरी वेळ बांबू एकमेकांवर वाजत राहिले.

जाग आली तेव्हा बायको चांगुणा भाकरीचं फडकं घेऊन उभी होती. “झोपेत बूड-बूड काय करता? बुडाले का कुठं?”

गेणू उठून बसला. “चांगुणा, बांबू वाढतो.”

“मंग काय, नाचतो?”

“वाढतो म्हनून त्याचा शेंडा कवळा. पोलाद कुठं वाढतंय? ते बारीक टोक कवळं नाय. मुद्दाम बारीक केलेलं हाय ते. लवन्यासाठी.”

“जेवून घ्या,” चांगुणा म्हणाली. “लवन्यासाठी मी हाय.”

“तांब्या दे तुजा.”

त्यानं कापलेला शाफ्ट तोंडातून काढला, जाड बाजू शेडच्या शिकंजात आवळली, बारीक टोकाला पाण्यानं भरलेला तांब्या टांगला. टोक जिथवर झुकलं तिथं भिंतीवर कोळशाची रेघ मारली. मग जुडीतला न कापलेला शाफ्ट तेवढाच बाहेर ठेवून आवळला. तांब्या खाली गेला, चांगला चार बोटं जास्त. पाणी काठावर थरथरलं, एक थेंब पडला. गेणू त्या थेंबाकडं बघत राहिला. शेंड्याकडचे दोन इंच गेले आन त्यांच्यासंगं काठीचं सगळं डोलणं गेलं होतं.

आता राहिलं बूड. त्यानं तीन नंबरचा लांब शाफ्ट घेतला, करवत जाड बाजूला लावली. हात थबकला. बेचाळीस वर्षांचा माणूस, बाप मरून अकरा वर्षं झालेली, तरी पाठ आपोआप आखडली. धपाटा आला नाही. मग त्यानं करवत ओढली. कापून पुन्हा तांब्या टांगला. तांब्या जवळपास तिथवरच गेला, नखभर वर.

“पान्याचा तांब्या रिकामा करा आन जेवा,” चांगुणा म्हणाली. तिला भिंतीवरच्या रेघा म्हणजे खुळाचा बाजार वाटत होत्या.

पाच नंबरच्या तोंडाला तीन नंबरची काठी दिली. चार ते नऊ, सहा काठ्या बुडाकडून कापून बसवल्या. बाद झालेला ताठ शाफ्ट तीन नंबरच्या तोंडात ठोकला. नाहीतरी तीन नंबर शेठच्यानं दोन वर्षांत उचलला गेला नव्हता. शनिवारभर काठ्या पत्र्यावर उन्हात वाळत पडल्या. त्यांच्याकडं बघताना गेणूला वाटायचं, नदीकाठी बगळे पाय लांब करून झोपलेत.

रविवारी मोटर आली. भाच्यानं डिकी उघडून ठेवली. शेठ बॅगेला हात लावायला आले, तेव्हा गेणूनं सात नंबर काढून पुढं केला.

“एक चेंडू. मंग न्या.”

“गेणू, तमाशा नको.”

“तमाशा कसला? बघायला कोन हाय? भाचा हाय, त्याला तुमी पडलेले दिसले तर त्यो कुनाला सांगनार?”

भाचा हसला. शेठनं काठी घेतली, नाखुशीनं. धुकं गुडघ्यापर्यंत होतं. शेठचे पाय दिसत नव्हते. वाटत होतं, माणूस ढगावर उभा आहे. हात मागं गेले, सावकाश, चहात चमचा फिरवल्यासारखे. वर थांबले. खाली आले. आन काठी, गेणूनं स्पष्ट पाहिलं, हातांच्या मागं किंचित राहिली, वाकली, मग आपली आपण सरळ होत चेंडूपाशी पोचली.

आवाज झालाच नाही म्हणा. चेंडू धुक्यातून वर निघाला, उन्हात आला, पांढरा झाला. वर गेला, अजून वर गेला, तिथं क्षणभर काहीच काम नसल्यासारखा थांबला. मग खाली आला. पूर्वी जायचा त्याच्या निम्म्यावर. पण सरळ.

शेठ वरच बघत होते. चेंडू कधीच खाली पडला होता.

“लांब नाय गेला,” शेठ शेवटी म्हणाले.

“नाय गेला. लांब जायाचं वय ऱ्हायलं का तुमचं? वर गेला, बास.”

“कडू बोलते तू, गेणू.”

“लिंबाखाली झोपतो ना.”

शेठनं दुसरा चेंडू मागितला. मग तिसरा. चौथ्याला भाच्यानं डिकी लावून टाकली. तीन नंबर तेवढा त्याला मिळाला. तरणा गडी, चहा ढवळायचाही धीर नसलेला, त्याच्या हाताला ती पहार बरोबर बसली.

केकीशेठ पुढं सन शहाऐंशीपर्यंत खेळले. दरवर्षी चेंडू थोडा अलीकडं पडायचा आन ते थोडं कमी चालायचे, असं दोघांचं जमून गेलं. नाशकाहून, नगरहून लोक काठ्या घेऊन शेडवर यायला लागले. गेणू त्यांना आधी चहा पाजायचा आन चमच्याकडं बघत बसायचा. का, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. बांबूच्या काठ्याही तो करायचा गावात, कोणाला लागल्या तर. त्या शेंड्याकडूनच कापायचा.

त्या रविवारी मात्र शेठ पुढच्या भोकाकडं निघाले तेव्हा धुकं विरत आलं होतं. गेणूनं बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला, सात नंबरच्या तोंडाला लागलेली माती धोतराच्या सोग्यानं पुसली.

“चला शेठ, पाय उचला. मागं कॅम्पातले कर्नलसाहेब येऊन खोळंबलेत,” म्हणाला, आन चेंडू शोधायला पुढं झाला.